हाकेला ओ

सोमवार, ४ तारीख
नवं घर एकदम झकास! दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि खिडकीतून समोर शाळेचं मैदान. सामान लावून माझी कंबर गेली कामातून, पण पाच वर्षांच्या ढमीनं घर डोक्यावर घेतलंय. तिचे बाबा महिनाअखेरीस येणार, तोवर राज्य आम्हा मायलेकींचं. आमचा खेळ एकच. मी हाक मारायची, तिनं कुठल्यातरी कोपऱ्यातून लांबलचक ओ द्यायची. ती हाक मारते तेव्हा मी देते.

मंगळवार
ऑफिसातल्या मोठ्या मॅडमनी दिलेलं पहिलं काम उरकलं. लॅपटॉपच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसते आभासी संगणक, उभी केली आणि त्यांच्यापुरतं आतल्या आत नेटवर्क. बाहेरची सगळी दारं बंद, इंटरनेटसुद्धा नाही. चाचणीत काही बिघडलं तर ऑफिसला झळ नको. मशीनची नावं काका, मामा, आत्या. मामा रुसून बसले होते, पत्त्यातला एक आकडा बदलताच ताळ्यावर आले. पिंग म्हणजे आमच्या धंद्यातली हाकच. ज्या पत्त्यावर हाक मारली तिथे मशीन असेल तर उत्तर येतं, आणि उत्तराला किती वेळ लागला त्यावरून ते किती लांब आहे तेही कळतं. ढमीला हे फार आवडलं.

बुधवार
आत्याला हाक मारताना घाईत पत्त्याचा शेवटचा आकडा चुकला. त्या पत्त्यावर कोणीच नाही. तरी उत्तर आलं. अगदी सावकाश, समुद्रापलीकडून यावं तसं. सगळी मांडणी पुन्हा तपासली, मशीन तीनच. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, मी जवळ नाही म्हणून तुला भुतं दिसायला लागली. हसले. मग उगाच आणखी काही हाका मारल्या. दर वेळी उत्तर आलं, आणि दर वेळी जरा लवकर.

गुरुवार
तो चौथा आता काका-मामांइतक्याच चटकन उत्तर देतोय. म्हणजे आतच आहे. दुपारी पाहिलं तर हाका तिकडून येत होत्या, एकामागून एक, आणि माझा लॅपटॉप इमानेइतबारे प्रत्येकीला ओ देत होता. त्याला तसंच बनवलंय. हाक आली की उत्तर द्यायचं, कोण आहे विचारायचं नाही. तीनही मशीन, नेटवर्क, सगळं पुसून टाकलं. मॅडमना काय सांगायचं ते उद्या बघू. तेवढ्यात ढमी आतून पळत आली आणि विचारू लागली, कशाला हाक मारलीस?
मी मारली नव्हती.

शुक्रवार
ढमीला कडेवर घेऊन गेले आणि लॅपटॉप ऑफिसात परत दिला. काही उपयोग नाही. घरी आल्यापासून ती सारखी ओ देतेय, रिकाम्या खोलीकडे धावतेय. म्हणते, आई, आवाज तुझाच होता. आधी मैदानातून, मग फाटकातून, मग खालच्या दारातून. ओ दिली की ते जवळ येतं. नेटवर्कमध्येही हेच झालं होतं. चुकून का होईना, पहिली हाक मीच मारली. तिला बजावलंय, मी समोर दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही. ती रडली. मला भीती वाटतेय, फार भीती वाटतेय.

शनिवार
नवरा निघालाय. संध्याकाळपर्यंत पोचेल. आम्ही बाहेर पडणारच होतो, तर हाक जिन्यातून— आणि ढमीनं अर्धवट झोपेत ओ दिली.
आता ते बाहेरच्या खोलीत आहे. आम्ही आत, कडी लावून.

दुपार. ढमी मांडीवर. तिच्या तोंडावर माझा हात. बाहेरून माझा आवाज— ढमे, ए ढमे— शेवटचा हेलसुद्धा माझाच—
ती गप्प. शहाणं माझं बाळ.

थांबलं. तिला झोप लागली. वाचलो बहुतेक. ओ दिली नाही तर ते आत—

पुन्हा हाक. दाराला अगदी लागून. पण आता आवाज ढमीचा. आई, म्हणून.
ढमी माझ्या मांडीवर आहे. तिचं तोंड मिटलेलं आहे—
आई. आई गं. रडतेय—
पाच वर्षांची सवय— नकळत तोंडातून निघून गेलं— ओ—