एफ्रातचं कडं मी उकळलं त्याची हकिगत

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

ती. जोकबेद वन्सं,

आधी आल्या त्या सुमती मॅडम. बोलावलं होतं गुरुवारी साडेचारला, बाई चारलाच दारात, आणि चपला काढता काढता विचारतात, "ते आलेत का?" ते म्हणजे दीनानाथ सर. मी म्हटलं, नाही आले. तर म्हणाल्या, मग बसते. आणि कोचाच्या ह्या कडेला बसल्या. मग सर आले, ते त्या कडेला बसले. मधल्या जागेत नुसतं पंख्याचं वारं. दोघं आपल्या एफ्रातचे गुरू, एवढे मोठे शास्त्रज्ञ, एकाच मजल्यावर बसतात, आणि अकरा वर्षांत एकमेकांशी शब्द बोललेले नाहीत. (तुम्ही आणि मी नऊच वर्षं बोललो नव्हतो, तेही तांब्याच्या हंड्यावरून. हंडा निदान दिसतो तरी.)

अगबाई, शालोम राहिलाच! शालोम वन्सं, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तिकडे इस्राएलात, दिमोनाची कोरडी हवा गुडघ्याला मानवते असं तुमच्या लेकीच्या, तालच्या फोनवरून कळलं, बरं वाटलं. प्रेशरची गोळी चुकवू नका. आम्ही इथे खुशाल. फोन न करता कागद का लिहिते म्हणून रागावू नका. मला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की एफ्रातलाही ऐकू येतं. शेजारचा एलिएझर उद्याच्या विमानाने तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते. माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

तर आपली नात एफ्रात काय शिकते म्हणून तुम्ही दर वेळी विचारता. आता मला सगळं येतं, सांगते. एक विषाणू असतो. आपल्याला होणारा नव्हे, जंतूंना होणारा. (त्यांनाही होतात, तेवढंच समाधान.) त्याचं डोकं आधी रिकामं तयार होतं, डब्यासारखं, आणि मग त्यात डीएनएची लांबच लांब दोरी कोंबायची असते. तुम्ही कायमच्या निघालात तेव्हा तुमची बॅग कशी भरली होती आठवतं? खाली पोहे, मग आमसुलं, तांदळाचे पापड, त्यावर तुमची लुगडी आणि सगळ्यांवर मी बसलेली. अगदी तसं. फक्त विषाणूला वहिनी नसते. म्हणून डब्याच्या तोंडाशी एक कडं असतं, आरएनएचं. त्याचे तुकडे एकमेकांचे हात धरून फेर धरतात आणि तिथलं यंत्र दोरी आत ढकलतं. कडं नसलं की दोरी बाहेरच. तो आरएनए कुठे वाकतो, कुणाच्या हातात हात देतो, हे आपली पोर सहा वर्षं बघते आहे. (डोळ्यांना दिसत नाही. तरी बघते. माझ्या चष्म्याचा नंबर उगाच वाढला असं वाटतं.)

भांडण काय, तर कड्यात तुकडे किती. सर म्हणतात पाच. मॅडम म्हणतात सहा. आणि आपली एफ्रात, पीएचडीच्या प्रबंधावर दोघांच्या सह्या घ्यायच्या असताना, लिहून बसली की आधी सहा येतात, मग एक सुटतो आणि पाच उरतात. आता सरांना तिच्यातले सहा खपत नाहीत, मॅडमना पाच खपत नाहीत. चौथ्या प्रकरणात सगळे प्रयोग मांडलेत, पण दोन वर्षं दोघांनी ते उघडलेलं नाही. उघडलं की मान्य केल्यासारखं होतं ना! जूनपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर मुदत संपली, पोरीची सहा वर्षं पाण्यात, मग तुम्ही म्हणता तसं तिकडे येऊन तुमच्या लेकाच्या, बेनच्या दुकानात बसायचं. दुकान चांगलंच आहे, पण त्यासाठी ती जागरणं कशाला करत होती? म्हणून तिने दोघांना घरी बोलावलं. कचेरीत ते एका खोलीत येत नाहीत, चहाला मात्र कोणीही येतं.

दाखवायला तिने प्लास्टिकचा नमुना छापून आणला होता. (हो, हल्ली वस्तूही छापतात.) पांढरा डबा, त्याच्या तोंडाला निळ्या तुकड्यांचं कडं, आत सुतळी. तो ठेवला कुठे? माझ्या स्वयंपाकघरात, इडलीपात्राशेजारी! वन्सं, अनाशी ढाकाचा सण, आपलं वल्हांडण, दहा दिवसांवर. माझ्या सासूबाईंचा नियम तुम्हाला सांगायला नको: सणाआधी स्वयंपाकघरात जे सापडेल ते उकळत्या पाण्यातून काढायचं, मग ते कुणाचं का असेना. मी विचार केला नाही. चमचे गेले, किसणी गेली, त्यामागे विषाणू गेला. तेवढ्यात भामा आली (समोरची, कोन गावची), टोपात डोकावून म्हणते, "ओ आजी, ह्यो काय पदार्थ हाय? आमी नाय बा कदी खाल्ला." मग बघते तर कडं मऊ पडलेलं, तुकडे वाकून एकमेकांना बिलगलेले, आणि त्याच वेळी दाराची बेल. कोण? चारला आलेल्या मॅडम!

एफ्रात आंघोळीहून आली, टोप बघितला आणि खालीच बसली. रडली नाही, रडली असती तर बरं होतं. सर आले तशी मी बिस्किटं पुढे केली. (सणात मैद्याचं घरात चालत नाही, संपवायचंच होतं.) ताटलीत सहा ठेवली होती. सरांनी एक उचलून घाईघाईने तोंडात टाकलं, मॅडमनी लगेच पुड्यातलं एक काढून जागेवर ठेवलं. असं चार वेळा. पुडा रिकामा झाला, मला बरंच झालं.

शेवटी एफ्रातने धीर करून नमुना आणला, तसाच, ओला. दोघं वाकले. सरांनी मोजलं, पाच. मॅडमनी मोजलं, पाच. मॅडम म्हणाल्या, टोपात जाताना किती होते? एफ्रात म्हणाली, सहा, मीच जोडले. आणि वन्सं, अकरा वर्षांनी सर मॅडमकडे वळून म्हणाले, "सुमती, एक सुटला." मॅडम म्हणाल्या, "दीनानाथ, आधी सहा होते, ते बोल."

मग जी धावपळ! सर बाह्या कोपरापर्यंत सारून टोपात हात घालताहेत, मॅडम माझ्या पिठाच्या चाळणीने पाणी गाळताहेत, ओट्याखाली, मोरीत, शेगडीमागे, सहावा तुकडा कुठेच नाही. पोर आपली ओरडते आहे, "सर, हे प्लास्टिक आहे, ह्यावरून काही ठरत नाही, माझं चौथं प्रकरण वाचा!" कोण ऐकतं? सरांनी वही काढली आणि मला विचारू लागले: पाणी किती, आच मोठी की बारीक, मीठ होतं का. माझं बोलणं लिहून घेणारा हा पहिला माणूस. तुमच्या भावाने कधी सामानाची यादीसुद्धा माझ्या तोंडची लिहिली नाही. मी खुर्ची ओढून सविस्तर सांगितलं, तीन पानं झाली, त्यात थोडी कल्हईवाल्याचीही गोष्ट आली.

ठरलं ते असं. एफ्रातने नवा नमुना छापायचा, सहा तुकड्यांचा. तो मी त्याच टोपात, तसाच उकळायचा, दोघांच्या देखत. पुन्हा एक सुटला तर दोघंही चौथं प्रकरण वाचणार, तिथेच, माझ्या कोचावर, एका प्रतीतून. एफ्रात म्हणते, एकदा वाचलं की पुढची काळजी नको, सही करण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. मला इतका आनंद झालाय की परवा भामाला उगाचच दोनदा चहा दिला. तालला, बेनला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
मिखाल

ता. क. हे वाचून झालं की कागद फाडून टाका. सहावा तुकडा उकळून सुटलाबिटला नाही. नमुना उचलला तेव्हाच तो माझ्या हातात आला होता, उकळण्याच्या आधी. चांगला जाड होता, शेगडीचा एक पाय डगमगतो त्याखाली सरकवला. अजून तिथेच आहे. मॅडम त्याच्यापासून वीतभर अंतरावर चाळणी घेऊन उभ्या होत्या. मी सांगणारच होते, पण ते दोघं बोलायला लागले हो!

ता. क. दुसरा. तर मुख्य काम. तिकडे आपल्या पैगंबराला, एलियाहू हानबीला, मलिद्याच्या ताटाचा नवस बोला, की नव्या कड्यातला एक तुकडा आपला आपण सुटू दे. एकच, दोन नकोत. मी इथे बोलले असते, पण मला खरं ठाऊक आहे, माझा नवस लबाडीचा होईल. तुम्हाला ठाऊक नाही असं धरून बोला. म्हणून वरचा ता. क. नवस झाल्यावर वाचा.

ता. क. तिसरा. उशीर करू नका. दोघंही बुधवारी साडेचारला येतो म्हणून गेलेत, म्हणजे मॅडम चारला.