दगडावरचा बर्फ

जळकोट, ता. ४ एप्रिल १९६०

ती. गुरुसिद्धमामांस, इरम्माचा शि. सा. न. वि. वि.

मामा, माझ्या हातून घात झाला. चौथीच्या पोरांना शिकवलं की पृथ्वीच्या टोकांना जमिनीवर डोंगराएवढा बर्फ आहे. तो वितळला तर समुद्र चढेल, मुंबईसुद्धा बुडेल. पोरं हसली. लालबी मात्र तेव्हापासून जेवत नाही. तिचा बाप जैनोद्दीन मुंबईच्या बंदरात मासळीच्या होड्यांवर बर्फाच्या लाद्या चढवतो. तिला वाटतं, त्याच लाद्या वितळून अब्बा बुडणार. आज तिसरा दिवस. पोटात नुसता चहा. तिची दादी बिस्मिल्लाबी दारात येऊन म्हणाली की बाई, तुम्हीच घातलंय, तुम्हीच काढा. मी ते खोटं होतं म्हणायला गेले, तर पोरगी विचारते, मग पाढेपण खोटे का? खऱ्याला खोटं कसं करू? तुमच्या सोड्याच्या दुकानातला बर्फ पाठवा. त्याचं काय करायचं तेही सांगा. तुमचा लोभ या वेळी धावत यावा.

तुमची इरम्मा

नळदुर्ग, ता. ६ एप्रिल

चि. इरम्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी माझ्या सोड्याच्या बाटलीतली गोळी गिळून घर हलवलंस. आता मुंबई बुडवायला निघालीस व्हय! रडू नको. माझी शाळा तीन इयत्तांची, पण तीस वर्षं सरबताच्या गिलासाकडं बघत आलोय. काठोकाठ सरबतात तरंगणारा बर्फ विरघळला तरी थेंब सांडत नाही. त्यानं आपली जागा आधीच घेतलेली असते. वरून नवा खडा टाकला की सांडलंच. पोरांना दोन्ही दाखव. एका पातेल्यात तरंगता बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर आलेल्या दगडावर ठेवलेला. जैनोद्दीनच्या लाद्या तर एवढ्याशा, समुद्राला त्यांचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक कानावर आलंय. जैनोद्दीन ईदलाही आला नाही, दीड महिना पत्र न्हाय. पोरगी बर्फानं उपाशी न्हाय, इरम्मा. आपला चाँदपाशा सोमवारी ट्रक घेऊन मुंबईला निघतोय, बंदरात चौकशी करील. लालबीनं दोन ओळी लिहिल्या तर कंडक्टरकडं दे. हे पत्र आजच्या शेवटच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलंय; बर्फ भुशात, गोणपाटात बांधून उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. स्टँडवर उभी राहा.

आशीर्वाद आहेतच.
गुरुसिद्धप्पा

जळकोट, ता. ९ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न.

बर्फ नारळाएवढा उरला होता. तरंगत्या बर्फाचं पाणी पातेल्याला आधी ओढलेल्या कोळशाच्या रेघेवरच राहिलं. पोरं ओरडली, लालबीचा चेहरा उजळला. मला वाटलं, दुसरं पातेलं झाकावं. पण झाकलं नाही. तिनं दगडाच्या खालच्या कंगोऱ्यावर ज्वारीचा दाणा ठेवला, म्हणाली हा अब्बा. पाणी चढत चढत दाण्याला लागलं. तिनं बोटानं दाणा वर सरकवला आणि मला म्हणाली की बाई, पाणी हळू चढतं, सांगायला वेळ आहे.

चिठ्ठी सोबत आहे. एकच ओळ: अब्बा, वर या. घरी जाऊन तिनं अर्धी भाकरी खाल्ली. अर्धी रोज अब्बासाठी राखते, प्रत्येक एस.टी.ला धावते. मामा, ती गाडीतून उतरणाऱ्यांचे चेहरे बघते, ते मला बघवत नाही. चाँदपाशा आला की लगेच कळवा.

इरम्मा

नळदुर्ग, ता. १८ एप्रिल

चि. इरम्मास आशीर्वाद.

चाँदपाशा आला. जैनोद्दीन जिवंत आहे. लादी निसटून उजवा हात चेंगरला, चार बोटं गेली. लिहिणारा हात तोच. दुसऱ्याकडून लिहवलं तर अम्मी धसका घेईल म्हणून गप्प राहिला. आता गावात तोंड कसं दाखवू म्हणत दवाखान्यातच भिंतीकडं तोंड करून पडला होता. चिठ्ठी वाचली आणि उठून बसला. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येतोय.

लालबीला हाताचं आधी सांग. खोटं सांगू नको, आणि एकदम ओतूही नको. पाणी चढतं तसं सांग. राखलेली अर्धी भाकरी तिलाच त्याला भरवावी लागेल, हे सगळ्यात शेवटी.

तुझा मामा
गुरुसिद्धप्पा