पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र

देगू
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय इन-सुक ताई,

कशा आहात? नामहेला आता समुद्रावरचा वारा बोचायला लागला असेल. लसूण लावून झाला का? गुडघ्यांवर फार बसू नका. दोन वर्षांत साधा फोन नाही आणि आज एकदम हाताने लिहिलेलं पत्र, म्हणजे हिचं काहीतरी अडलंय, असं तुम्ही पाकीट बघूनच म्हणाला असाल. तसं काही नाही. आठवण आली, एवढंच.

इकडे सगळं ठीक आहे. आमच्या ह्यांनी कोंबडीचं दुकान शेवटी बंद केलं. आता टॅक्सी चालवतात आणि गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले देतात. काल किमचीसाठी कोबी खारवली. यंदा वीसच गड्डे, खाणार कोण? लेक सोलहून म्हणते, "आई, दुकानात मिळते की!" मिळते बाई, सगळंच मिळतं.

कॉलेजात तुमचं खिडकीजवळचं टेबल आता माझ्याकडे आहे. दर दहा आठवड्यांनी करार संपतो आणि नवव्या आठवड्यापासून आम्ही सगळ्या शिक्षिका एकमेकींशी गोड बोलायला लागतो, तेही तसंच चालू आहे. बदललं ते एवढंच की मंगळवार-गुरुवार परदेशी मुलांचा कोरियनचा वर्ग ऑनलाइन असतो. तासाच्या सुरुवातीला पडद्यावर सगळ्यांचे चेहरे दिसले की त्याचा फोटो काढायचा आणि हजेरीला जोडायचा. बाहेरून तपासणीला आलं तर तोच पुरावा.

संध्याकाळी घरून परदेशातल्या लोकांना शिकवते. त्यात पोर्तुगालचा एक निवृत्त पोस्टमन आहे. बायकोला आपल्याकडच्या मालिकांचं वेड होतं. ती गेली, आणि ती काय ऐकत होती ते कळावं म्हणून हा सत्तराव्या वर्षी कोरियन शिकतोय. एकही तास चुकवत नाही. त्याची हजेरी मात्र कुणी मागत नाही.

एक वाईट बातमी आहे. माझ्या वर्गातली ओदगेरेल म्हणून एक मंगोलियाची मुलगी, सत्तावीस वर्षांची, तिचा उजवा हात धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळांत सापडला. गेल्या मंगळवारची, सकाळी साडेदहाच्या सुमाराची गोष्ट. दोन बोटं काढावी लागली, उरलेली वळत नाहीत. तिकडे ती नर्स होती. इथे भाषा शिकून परत नर्सिंगलाच जायचं म्हणत होती. आता त्या हाताने सुई धरता येणार नाही.

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कार्यालयातून मला फोन आला होता. हजेरीच्या वहीत जे आहे ते मी सांगितलं.

तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही नोकरी सोडलीत, त्या दिवशी घरी गेल्यावर झोप लागली होती का? उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. सोबत सफरचंदं पाठवते आहे, वरची दोन जरा मऊ आहेत.

तुमची
ग्यॉंग-रिम

---

देगू
बुधवार, २० नोव्हेंबर

इन-सुक ताई,

तुमचा मेसेज आला. सफरचंदांबद्दल अक्षर नाही, फक्त एक ओळ: "ती मुलगी मंगळवारी दहा वाजता तुझ्या वर्गात होती का? माझ्याशी तरी खरं बोल."

नव्हती.

नऊला होती. पहिल्या तासाला दिसली, हात हलवून हसली. दहाला तिची चौकट काळी. अकराला आणि बारालाही काळी. मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच, तरी लिहिते. मागच्या गुरुवारचा फोटो काढला, त्यात ती होती, तो दहाच्या हजेरीला जोडला. अकराला आणि बाराला दुसरे. हे मी पहिल्यांदा केलं असं समजू नका. ऑनलाइनच्या दिवशी ती कामाला जाते हे मला सप्टेंबरपासून माहीत होतं. इथे येऊन तिला सहा महिने व्हायचेत, तोवर काम करायची परवानगीच नाही, तेही माहीत होतं. एकदा वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली, म्हणाली, "बाई, मंगळवार-गुरुवार मी मध्येच गेले तर तुम्ही रागावाल?" मी म्हटलं, "मला पडदा नीट दिसत नाही गं, डोळे गेलेत माझे." दोघी हसलो. आपण फार मोठं मन दाखवलं, असं मला दिवसभर वाटत होतं.

शिवाय प्यो साहेब अजून प्रमुखाच्या खुर्चीत आहेत आणि दर सत्राला तेच सांगतात. तुमच्या वेळी बंद दाराआड सांगायचे, आता उघड सांगतात. "बायांनो, ऑनलाइनच्या दिवशी फार बारकाईने बघू नका. हजेरी घसरली की कॉलेजची मान्यता गेली. मान्यता गेली की पुढच्या वर्षी एकाही नव्या मुलाला व्हिसा नाही. मग तुम्ही शिकवणार कुणाला? भिंतींना?" आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. तुम्ही एकट्या म्हणालात की खोटी हजेरी लावणार नाही.

आता पुढचं ऐका. हात सापडला तो दहा वाजून चाळीस मिनिटांनी. कारखान्याच्या मालकाने हाताला ओला टॉवेल गुंडाळून तिला कचेरीत बसवून ठेवलं आणि आधी आमच्या कॉलेजला फोन लावला. हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर, तिला नेलं दुपारी दोनला. तेवढ्या वेळात मालकाचं आणि प्यो साहेबांचं काय ठरलं ते मला नंतर कळलं. मालक म्हणतो, ही आमच्याकडे कामाला नाहीच. वर्ग संपल्यावर मैत्रिणीला भेटायला आली आणि उगाच यंत्रात हात घातला. एक वाजेपर्यंत तर ती वर्गात होती, विचारा शिक्षिकेला! विनापरवाना काम करणाऱ्यालाही भरपाई मिळते, ताई, पण तो माणूस कामावर होता एवढं तरी सिद्ध व्हायला हवं. तिथल्या बाकीच्या बायकाही कागदपत्रं नसलेल्या, त्यांनी तोंडात मूग धरलेत.

म्हणजे ती दहा चाळीसला यंत्रापाशी असूच शकत नव्हती, याचा एकमेव पुरावा मी आहे.

त्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर अगदी साधं विचारलं. "त्या दिवशी विद्यार्थिनी शेवटपर्यंत वर्गात होती ना?" प्यो साहेब समोरच्या खुर्चीत चहा ढवळत होते. मी म्हटलं, "होती." त्या म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, "फोटो जोडलेत." फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "ग्यॉंग-रिम बाई, पुढच्या सत्राचा करार टेबलावर ठेवलाय, सवडीने सही करा." मी लगेच केली.

तुमच्या वेळी पण माझी सही लगेच झाली होती. "इन-सुक बाई विद्यार्थ्यांशी कठोर वागतात" असं लिहून दिलं होतं पाच जणींनी, त्यात पहिलं नाव माझं. तुम्ही आमच्यात सगळ्यांत प्रेमळ होता. माफी मागत नाही, कारण माफी मागितली की मला बरं वाटेल.

पण त्या दिवशीचा खरा फोटो मी पुसलेला नाही. दहा वाजताचा, वर वेळ आहे, आणि मधोमध तिची काळी चौकट. उद्या हॉस्पिटलात जाते. तिला सांगते आणि तिच्यादेखत त्या बाईंना फोन करते. नोकरी जाऊ दे. आमचे हे टॅक्सी चालवतातच आहेत.

ग्यॉंग-रिम

---

देगू
रविवार, २४ नोव्हेंबर

ताई,

मी फोन केला नाही. पत्र इथेच थांबवलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं, पण सगळं लिहायचं ठरवलंय.

गुरुवारी तिच्यासाठी तांदळाची पेज घेऊन गेले. खोलीत आणखी पाच बायका होत्या. ओदगेरेल मला बघून उठून बसली, डाव्या हाताने केस नीट केले आणि म्हणाली, "बाई, परीक्षा बुडली माझी." मी खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला, तिला फोनवर तो फोटो दाखवला. म्हटलं, "ही काळी चौकट तुझी आहे. हा मी आत्ता पाठवते."

तिने बराच वेळ बघितला. मग विचारलं, "तुमचं काय होईल?"

"माझं राहू दे गं."

"मग कॉलेजचं? मान्यता जाईल ना?"

मी पेजेच्या डब्याचं झाकण उघडायला लागले.

"बाई, माझी धाकटी बहीण वसंतातल्या सत्राला येतेय. फॉर्म भरून झालाय. आई-बाबांनी जनावरं विकून तिची तयारी केली. तुम्ही हे पाठवलंत तर तिचा व्हिसा गेला. वर्गातल्या सगळ्यांचा गेला." एवढं बोलून तिला दम लागला. "आणि मला काय, मी कामाला जात होते हे कळल्यावर मला तरी थोडंच ठेवून घेणार? भरपाई मिळायला वर्ष-दोन वर्षं जातात म्हणे. मी हजर होते, असंच राहू द्या."

"अगं, तुझा हात गेलाय!"

"गेलाच ना? मग आता बहीण तरी येऊ दे."

ताई, मी वाद घालायला हवा होता. बहीण इथे येऊन काय करेल, तीही त्याच रुळांपुढे उभी राहील, हे मला बोलता आलं असतं. कोरियन बोलायचे मला पैसे मिळतात, वीस वर्षं मिळताहेत. पण त्या क्षणी, हे लिहिताना लाज वाटते, माझा जीव भांड्यात पडला. तिनेच मला सोडवलं होतं. मी दोनदा "नीट विचार कर" म्हटलं, नुसतं म्हणायचं म्हणून. शेजारच्या खाटेवरची आजी मध्येच म्हणाली, "शिक्षिका भेटायला आली का गं? नशीबवान पोर!" ओदगेरेल म्हणाली, "हो आजी, आमच्या बाई फार चांगल्या आहेत."

फोटो मी तिथेच पुसला. तिने पुस म्हटलं नव्हतं. मीच पुसला.

शुक्रवारी सत्राचा समारोप झाला. तुम्हाला माहीतच आहे, फलक, फुलं, शेवटी बक्षिसं. पहिला नंबर, भाषण, आणि मग पूर्ण हजेरी. यंदा पूर्ण हजेरीची चार नावं होती. तिसरं ओदगेरेल. हॉस्पिटलातले दिवस डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे हजेरीत धरले, आणि आधीचे सगळे मी लावलेले. वहीत तिचा एक तासही चुकलेला नाही. यादी करणाऱ्या मुलीने संगणकातून काढली आणि छापून टाकली, तिला बिचारीला काय माहीत. नाव पुकारलं तशी प्यो साहेबांनी यादी हातात घेऊन परत वाचली. मग हसून म्हणाले, "आजारपणातसुद्धा हिने हजेरी सोडली नाही. तिच्या वतीने वर्गशिक्षिकेने यावं." सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्यांतल्या निम्म्यांना तरी ती मंगळवारी कुठे असायची ते माहीत होतं. तरी वाजवल्या, जोरात वाजवल्या. मी गेले, कमरेत वाकले आणि प्रमाणपत्र घेतलं.

काल तिला नेऊन दिलं. नाही दिलं तरी चाललं असतं, पण त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर "विद्यार्थिनीस पोचते करणे" असं होतं, आणि मी सांगितलेलं करणारी बाई आहे.

आपण मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो ना, मोठ्यांनी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, एका हाताने घेणं म्हणजे उद्धटपणा? मी तिच्यापुढे प्रमाणपत्र धरलं. तिने दोन्ही हात पुढे केले, सवयीने. उजव्या हाताला मोठं बँडेज, तो कागदाला लागला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तो तिने मागे घेतला. मग डाव्या हाताने कागद धरला, मान खाली घातली आणि अगदी शुद्ध कोरियनमध्ये, मी शिकवलेल्या आदरार्थी रूपात, एक अक्षर न चुकता म्हणाली, "बाई, एका हाताने घेते आहे, माफ करा."

मी म्हटलं, "छान बोललीस." ताई, वीस वर्षं हेच तर म्हणत आले.

ती तीस तारखेला मंगोलियाला घरी जाईल. दोन डिसेंबरपासून नवी तुकडी, सव्वीस मुलं. हजेरी मीच घेणार आहे.

ग्यॉंग-रिम