पानी थुकी ऱ्हायना

प्रिय माय,

आज सकाळी निकाल आला. पास झाले गं! इंग्लंडात नर्स व्हायला लागते ती इंग्रजी बोलायची परीक्षा, जिच्यात मी दोनदा आपटले, तीच. आबा पेढे आणायला अनवाणीच चौकात पळाले. मी मात्र आधी तुला लिहायला बसले, कारण ही परीक्षा तू पास केलीस. हसू नकोस, ऐक.

आठवतं, नंदुरबारला पथारीवर तू वाळत घातलेल्या मिरच्या उलथवायचीस आणि मी कडेला अभ्यास करायचे? अवकाळी ढग आले की मी ओरडायचे, "माय, पानी वना!" तू विचारायचीस, "पन कसा पानी?" मग तळहात पुढे करायचीस. चारच थेंब पडले तर, "नुस्ता थुकी ऱ्हायना. ऱ्हाऊ दे." नाहीतर, "पय वं पोरी, ताडपत्री ओढ!" की मी पुस्तक टाकून पळालेच.

आणि मी काय केलं? कॉलेजच्या मैत्रिणींसमोर तू "पानी थुकी ऱ्हायना" म्हणालीस, तर तुझ्यावर खेकसले. "पाऊस थुंकतो का कधी? जरा शुद्ध बोलत जा!" तू पुन्हा मिरच्यांकडे वळलीस. मागच्या वर्षी गेलीस, तोवर माझ्याकडून माफीचा एक शब्द निघाला नाही. आणि तूही कशी गं, एकदा तरी उलटून बोलायचंस!

क्लासमध्ये मी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घोकलं होतं. दोन्ही वेळा आभाळातून कुत्री-मांजरी पाडली आणि स्वतःही पडले! तिसऱ्यांदा परीक्षेच्या गोऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा पडतो? पाठ केलेलं सगळं उडालं. डोळ्यांसमोर तुझा तळहात आला आणि तोंडून निघून गेलं, "माय मदर वुड से, इट्स जस्ट स्पिटिंग."

बोंबला, म्हटलं, पाऊस थुंकवला! पण बाई खुदकन हसल्या. म्हणाल्या, "माझी आईही अगदी हेच म्हणते."

ऐकलंस, माय? इंग्रजांचा पाऊससुद्धा थुंकतो! मग मी कुठली थांबते? रिपरिप, सर, उघडीप, सगळं तुझ्यासारखंच सांगितलं, साध्या इंग्रजीत.

आता वचन देते. तिकडे पाऊस थुंकायला लागला की आधी तुझ्या शब्दांत म्हणेन, चारचौघांत, मोठ्याने. इंग्रजी नंतर. फक्त "पय वं पोरी" याचं इंग्रजी कधीच करणार नाही. त्या हाकेला मी अजून पळते.

तुन्हीच,
सुनी