भैयाजींचा मोतीबिंदू आणि गुप्त मतदान

नागपूर, मंगळवार

तीर्थस्वरूप भैयाजी यांना धाकट्या गिरिधरचा साष्टांग नमस्कार. मी अतिशय रागात असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत असं समजावं. उरलेली दोन तुम्ही ऑपरेशन करून घ्याल त्या दिवशी टेकवीन. प्रकृतीची चौकशी करायची रीत आहे, पण तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्याने धूसर दिसतं आणि बाकी शरीरभर हट्ट भरलाय हे मला ठाऊक असल्यामुळे ती करत नाही. पत्र मुद्दाम कागदावर लिहितोय, कारण फोनवर आलेलं तुम्ही न वाचताच पुढे ढकलता. (रुख्मावहिनी, हे तुम्हीच वाचून दाखवणार. कंसातलं मनात वाचा, बाकीचं मोठ्याने. मी रागावलोय तिथे तुम्हीही आवाज चढवून घ्या, अशी संधी पुन्हा येणार नाही.)

उमेदवारानं भरवलेल्या मोफत डोळे तपासणी शिबिरातून तुमचा नंबर लागला, आणि गेल्या गुरुवारी धंतोलीच्या त्या दवाखान्यात मी सकाळी आठपासून तुमची फाईल आणि चहाचा थर्मास घेऊन उभा होतो. तुम्ही आलात, हिरवा झगा घातलात, टोपी चढवलीत, नर्सबाईंनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले. सगळं रीतसर चाललं होतं. मी पाच मिनिटं औषधं आणायला खाली गेलो (एवढा गुन्हा माझा), आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या मौद्याच्या ओमप्रकाशनं तुम्हाला मोबाइलवरची बातमी ऐकवली. शिबिरातून आलेल्या पेशंटच्या भिंगात म्हणे बारीक कॅमेरा बसवतात, आणि आपण मत कुणाला दिलं ते शिबिर भरवणाऱ्या उमेदवाराला घरबसल्या दिसतं. मी जिना चढतोय तर तुम्ही झग्यासकट उतरत होतात. हात धरला तर तो झटकून म्हणालात, "गिरिधर, डोळा गेला त जाऊ दे गा. पण मत कोणाले देलं हे पन्नास वर्सांत मी रुख्मीले नाही सांगतलं, त्या भिंगाले काहून सांगू?"

वाक्य जोरदार होतं, नाही म्हणत नाही. जिन्यावरच्या दोघांनी माना डोलावल्या आणि त्यांतला एक तुमच्या मागोमाग निघूनही गेला. पण पुढचं ऐका. डोळ्यांत थेंब, समोर नुसतं धुकं, बसची पाटी वाचता येईना. कंडक्टर बिचारा घसा ताणून गावाचं नाव ओरडत होता, पण तो पडला सरकारचा माणूस, त्याच्यावर तुमचा विश्वास नाही. परिणामी घरी रामटेकला निघालेले तुम्ही उमरेडला उतरलात. तिथे हिरवा झगा पाहून दोन बायांनी तुम्हाला डॉक्टर समजून लेकरांचे घसे दाखवले, आणि भैयाजी, तुम्ही ते तपासलेत. एकाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्यात. (हे मला त्या कंडक्टरनंच तुमच्या फोनवरून कळवलं. सरकारचा माणूस होता तरी.)

मला हसू येत नाहीये. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं की पिकलेला मोतीबिंदू फार दिवस ठेवला तर डोळ्याचा दाब वाढतो, आतली नस मरते, आणि मग कुठलंही भिंग बसवा, उजेड परत येत नाही. तुमचा उजवा डोळा महिन्या-दोन महिन्यांचा सोबती आहे. आणि तो कशापायी घालवायचा, तर ओमप्रकाशच्या मोबाइलपायी. माझं डोकं तिथून जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

एकतीस वर्षं मी कचेरीच्या खिडकीवर मार्कशिटांच्या नकला तपासल्या. मूळ प्रत दाखवा, मग शिक्का. मोठ्या लोकांची चिठ्ठी घेऊन आलेल्यालाही मी मूळ प्रत आणायला परत पाठवलंय. आपल्या घराण्याच्या ग्रुपवरसुद्धा लग्नाचा मुहूर्त असो की कुणाची तेरवी, मी कागद डोळ्यांनी पाहून खाली 'सत्यप्रत – गिरिधर' असं लिहितो तेव्हाच लोक निघायची तयारी करतात. आणि माझा सख्खा भाऊ कधी विचारत नाही की बाबा रे, हे पाहिलं कुणी? तुम्ही मेथी घेता तेव्हा जुडी सोडून आतली पानं बघता, भाजीवालीच्या शपथेवर विश्वास ठेवत नाही. मग बातमीची जुडी बांधलेलीच का घरी आणता? मसुराच्या डाळीएवढं ते भिंग, त्यात कॅमेरा बसवला तर त्याला चार्ज कुठून करायचं? रात्री कानात पिन घालून झोपायचं? आणि पेशंट शिबिरातून पळाले तर फायदा दुसऱ्या उमेदवाराचा, हे रामटेकच्या माकडांनाही कळेल.

सगळ्यांवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. उमेदवार निवडणुकीच्या तोंडावरच डोळे तपासायला का येतो, हे जरूर विचारा. दवाखान्याचं बिलही दोनदा वाचा. पण तुमची शंका एकाच बाजूला धावते. पंचवीस वर्षं डोळे कापणाऱ्या बाईवर शंका, आणि ज्याला तुम्ही आयुष्यात प्रथम पाहिलं तो ओमप्रकाश मात्र देवमाणूस. शंका घ्यायचीच तर पोटभर घ्या, अशी अर्धपोटी नको.

मी गप्प बसलेलो नाही. ओमप्रकाशला धरलं, त्याला ती बातमी त्याची शेजारीण, म्हणजे आपली भाची भारती, हिच्याकडून आली होती. भारतीला धरलं, तिनं ती इथल्याच एका मोबाइल चॅनेलवर पाहिली. मथळा होता, 'भिंगात कॅमेरा?' ते प्रश्नचिन्ह पाहून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या सकाळी त्या चॅनेलच्या कचेरीत जाऊन मूळ प्रत मागणार आहे. ज्या नालायकानं हे पहिल्यांदा लिहिलं त्याचं नाव कळू दे, भर चौकात उभा करून त्याला जाब विचारतो. लोकांचे डोळे घालवणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?

आपला आज्ञाधारक, पण रागावलेला,
गिरिधर

ता. क. (बुधवार दुपार): जाऊन आलो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, त्यात अंकुश नावाचा तरुण, तोच संपादक आणि तोच निवेदक. मी प्रश्नचिन्हाचा जाब विचारला तर म्हणाला, "काका, आम्ही कुठं म्हटलं? आम्ही त विचारून राहिलो." मी टेबलावर हात आपटून मूळ प्रत मागितली. त्यानं शांतपणे फोन पुढे केला. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर शिबिराबद्दल नाही नाही ते येत होतं तेव्हा मी संतापून लिहिलं होतं, 'हो, हो, भिंगात कॅमेराही बसवतात. मत कुणाला दिलं ते उमेदवाराला घरबसल्या दिसतं.' मी टोमणा मारला होता भैयाजी, पण टोमण्याचा आवाज अक्षरांत येत नाही. आणि खाली हाताच्या सवयीनं 'सत्यप्रत – गिरिधर'. आपल्यातल्याच कुणीतरी ते बाहेर धाडलं. अंकुश म्हणाला, "सत्यप्रत लिवलं होतं म्हणून त घेतलं काका, नाहीतर आम्ही असलं काही घेत नाही." चौकात उभं राहायचा कार्यक्रम तूर्त रद्द केला आहे. ग्रुपवर मात्र माझी चूक माझ्या नावानं लिहून टाकली. त्यावर तिघांनी अंगठा दाखवला आणि ती पुढे कुणीच पाठवली नाही.

ता. क. दुसरा: आता खरं काम. माझ्या डाव्या डोळ्यात वर्षभरापासून मोतीबिंदू आहे. 'आधी भैयाजींचं होऊ द्या' असं डॉक्टरीणबाईंना सांगून मी टाळत आलो. मला कॅमेऱ्याची नाही, सुईची भीती वाटते. तुम्ही झग्यासकट जिना उतरत होतात तेव्हा मला राग आला, तसं थोडं हायसंही वाटलं होतं. याची लाज वाटते म्हणून लिहून टाकतो. पुढच्या गुरुवारी पहिला नंबर मी माझा लावलाय आणि दुसरा तुमचा. बाईंनी कबूल केलंय, तसंच एक भिंग तुमच्या तळहातावर ठेवतील. बोटांनी चाचपून घ्या, त्यात उमेदवार सापडला तर खुशाल घरी जा. पण मला आत नेईपर्यंत तरी हात धरून बसा भैयाजी, मला एकट्याला जमणार नाही. (वहिनी, हा कंस मोठ्याने वाचा: त्यांना तुम्ही स्वतः घेऊन या, आणि बसची पाटी तुम्ही वाचा.)

पत्राखाली या वेळी नेहमीचा शब्द लिहिलेला नाही. मूळ प्रत गुरुवारी सकाळी आठ वाजता धंतोलीत हिरव्या झग्यात घाबरून बसलेली असेल. समक्ष पाहून खात्री करून घ्यावी.