न मोडलेलं हळकुंड

निझवा, ओमान
दि. १४ जुलै २०२५

चि. शिवकन्या हिस योगेशदादाचे अ. उ. आ.

आपल्या तांड्यातल्या निलमचा नवरा इथून सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती खजुराचा डबा देतोय. हा आपल्याकडच्या दुकानातला सुका खजूर नाही. सुक्याला इथे तमर म्हणतात, अर्धकच्च्याला बिसर आणि नुकत्याच पिकलेल्या, रसाळ फळाला रुतब. अंगठ्याने दाबून तिन्ही वेगळे करायचे, हेच माझं काम. मुकादम आम्हाला शब्द शिकवतो. ओलं, ताजं म्हणजे रतब. ओल म्हणजे रुतूबा.

तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातला ट्रे पडला. हिंगोलीच्या मोंढ्यात हमाली करताना बा हळकुंड मोडून बघायचा. वाळलेलं कट्कन तुटायचं; ओलं नुसतं वाकलं की म्हणायचा, रुतूबत हाय. हा तोच शब्द.

पुढचं याडीला वाचून दाखवू नकोस, आईचं काळीज सोसायचं नाही. फोनवर ती तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितोय. गेल्या वर्षीच्या आषाढात हळदीच्या पोत्यांची जी थप्पी अंगावर कोसळून बा गेला, तो माल तपासून मीच पास केला होता. हळकुंड मोडून आवाज ऐकायचा सोडून मी नुसता रंग बघितला आणि वाळलंय म्हणून सांगितलं. खालची पोती ओलीने सडली आणि थप्पी खचली. कुणाला बोललो नाही, दोन महिन्यांत इकडे पळून आलो.

आता खजूर दाबताना माझ्या मागे कुणीतरी हळकुंड मोडतं. कट्. वळून बघतो तर नुसती भिंत. मला भीती वाटते गं. दिवाळीला ये म्हणतेस, पण याडीसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

तुझा दादा

तांडा, ता. सेनगाव
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. दादास शिवकन्याचा सा. न. वि. वि.

डबा पोचला. याडीचा पराक्रम ऐक. ओला माल घरात ठेवायचा न्हाई म्हणाली आणि उघाड बघून सगळा खजूर पत्र्यावर वाळत घातला! तुझ्या रुतबाचा तिने चार दिवसांत तमर केला.

पत्र मी गाळून वाचत होते. पण मधेच अडखळले, आणि तिने विचारलं की मधलं काहून सोडून राहिली. मग सगळं वाचावं लागलं. रागावू नकोस.

ती रडली नाही. उठून देवळीतली पुडी घेऊन आली. बाच्या सदऱ्याच्या खिशात निघालेलं हळकुंड तिने त्यात जपून ठेवलं होतं. मोडलेलं नाही, नुसतं वाकलेलं. भावसिंगकाका तेव्हा बाच्या जोडीला गोदामात होते. बाने त्यांच्यासमोरच ते वाकवून बघितलं आणि म्हणाला की रुतूबत हाय, पोराला कुणी नावं ठेवायच्या आत खालची पोती काढून घेतो. दादा, बा सगळं जाणून थप्पीखाली गेला. काकांनी याडीला तेराव्यालाच सांगितलं होतं. तू आपल्या तोंडाने कधी बोलतोस, याची ती वर्षभर वाट बघत होती.

निलमचा नवरा परत निघालाय, त्याच्याजवळ ते हळकुंड देतेय. याडी म्हणते, आता वाळलं असंल, कानाशी धरून मोड म्हणावं, आणि घरी ये.

तुझी शिवकन्या

निझवा
दि. २८ ऑगस्ट २०२५

चि. शिवकन्या हिस अ. उ. आ.

हळकुंड मोडलं. कट्. या खेपेला आवाज माझ्या हातातून आला. मी सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडलो. मुकादमाने पाणी आणून दिलं. अर्धा तुकडा पाकिटात घातलाय, याडीच्या पुडीत ठेव. दिवाळीला येतोय. या वेळी तमरच आणतो, म्हणजे तिला वाळवायचे कष्ट नकोत.

एक मात्र याडीला सांगू नकोस. त्या दिवसापासून मागचा आवाज बंद झालाय. सुटलो असं वाटायला हवं होतं. पण खजूर दाबता दाबता माझा हात थांबतो आणि मी मागे कान देऊन बसतो. बा येत नाही.

दोघींची माया आटू देऊ नका.

तुझा दादा