तीन पिनबॉल, तलासरीला

५ जानेवारी, सोमवार

हो म्हणून बसलो! तारीख विचारायच्या आधीच.

सकाळी तलासरीहून फोन. कोणी दिपक सर, शाळेत शिकवतात. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी मदत गोळा करायची आहे म्हणून 'गेम डे' ठेवलाय — रविवारी, १८ला, शाळेच्या हॉलमध्ये. कॅरम आहे, टीव्हीवरचे गेम आहेत, तिकीट काढून दिवसभर खेळायचं. "आणि तुमच्याकडे तीन पिनबॉल आहेत म्हणे. चालू आहेत ना, काका?"

तुम्हाला कोणी सांगितलं?

"आमच्या मयुरा मॅडमनी."

पुढचं काही ऐकलंच नाही. आणतो म्हणालो.

या घरात ते नाव घेत नाहीत. नियम माझाच. अकरा वर्षं मी पाळला, बायकोकडून, पुष्पाकडून पाळून घेतला. आपल्याच मुलीचं नाव! आणि आज एका परक्या माणसाने चहा घेणार का विचारावं इतक्या सहज ते घेतलं.

७ जानेवारी, बुधवार

शेड उघडली. चिकूचे क्रेट बाजूला सारले, ताडपत्री काढली. धूळ, उंदरांच्या लेंड्या, एका मशीनच्या पोटात पालीची अंडी. दमणच्या हॉटेलातला गेम पार्लर बंद पडला तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी पोचलो होतो, म्हणून ही तीन पिनबॉलची मशीनं माझी. लोक म्हणाले, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता रामनाथला वेड लागलं. पुष्पा अजून म्हणते.

पहिल्याचा डावा फ्लिपर ढिला आहे — काचेखालच्या लोखंडी गोळीला फटका मारणारी काठी. दुसरं ठणठणीत. तिसरं, ज्याला आम्ही म्हातारी म्हणायचो, त्याचे दिवे लागतात पण अर्धे स्विच बोलत नाहीत.

स्विच तपासणं हे दोघांचं काम. ज्यावर गोळी पळते तो लाकडी पाट उचलून उभा करायचा, आत डोकं घालायचं आणि खालून एकेक स्विच बोटाने दाबायचा. स्विच जिवंत असला की समोरच्या काचेत त्याचा नंबर उमटतो. पण उभ्या पाटामुळे आतल्या माणसाला काच दिसत नाही. नंबर वाचायला बाहेर कोणीतरी लागतंच.

ते कोणीतरी म्हणजे मयुरा. सहा वर्षांची असल्यापासून. स्टुलावर उभी राहून ओरडायची — "बावीस! तेवीस! चोवीस!" नंबर आला नाही की "झोपला, बाबा!" मी आतून म्हणायचो, थांब, उठवतो.

आज आरसा टेकवून केलं. आरशात आकडे उलटे दिसतात. दोन तास शिव्या घालण्यात गेले.

९ जानेवारी, शुक्रवार

पुष्पाला सांगितलं. नाव घेऊन! तोंडात शब्द अवघडला.

ती कोलंबी सोलत होती. वरसुद्धा बघितलं नाही. "जा मग."

तू पण चल.

"माझं काय काम तिथे?"

बाईने माझी बाजू एकदा धरली ती धरली. आईचं काळीज असून! मी काय करायला लावलं तिला. फार वाईट वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार

आज लिहूनच टाकतो. वहीशी तरी खरं बोलावं.

अकरा वर्षांपूर्वी, मे महिना, भर दुपार. मयुरा त्याला घरी घेऊन आली ती लग्न नोंदवूनच. नविन. तलासरीकडच्या पाड्यावरचा, वारली, सरकारी दवाखान्यात नोकरीला. मी ओटीवर बसलो होतो. त्याला बस म्हणालो नाही. तो नमस्काराला वाकला तर पाय मागे घेतले. आणि म्हणालो — "तुझ्यासारखे माझ्या वाडीत चिकू उतरवायला येतात."

मयुरा फक्त "चल" म्हणाली. त्याला.

लोकांना मी नेहमी सांगत आलो, मी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, पोरगीच निघून गेली. हे वाक्य कोणालाच सांगितलं नाही. कागदावर उतरल्यावर ते आणखीच घाण दिसतं आहे. मी बोललो हे. मीच.

तिला मूल झाल्याचं ऐकून आहे. मुलगा की मुलगी, कोणाला विचारणार? तोंड कुठे होतं विचारायला?

१५ जानेवारी, गुरुवार

गावातले सगळे वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या सभेला गेले. चौसष्ट वर्षांचा हा घोडा शेडमध्ये म्हातारीपुढे उभा राहून माफी पाठ करतोय. तीनदा म्हटली. तीनदा वेगळी झाली.

१७ जानेवारी, शनिवार

भरणं झालं. आधी गोळ्या काढून डब्यात — गोळी आत राहिली तर रस्त्यात काच फोडते. मग पाय सोडवले, मागची पेटी दुमडून बांधली, गोधड्या गुंडाळल्या. तीन ट्रान्सफॉर्मर वेगळे, कारण ही अमेरिकन धुडं आपल्या विजेवर थेट लावली की जळतात. टेम्पोवाला अमृत उंबरगावचा. एक बाजू उचलली आणि खाली ठेवली. "काका, आ मशीन छे के तिजोरी?"

उद्या सहाला निघायचं. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. लग्नाला निघाल्यासारखा!

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

चारोटीला चहा घेतला. नऊच्या आत तलासरी. हॉलच्या दारात मयुरा, हातात यादी. केसांत पांढरं आलंय. माझ्या मुलीच्या केसांत! चष्मा पण लागलाय. मी टेम्पोतून उतरलो. पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

"नमस्कार सर. प्लग त्या भिंतीला आहेत."

सर!

मी मान हलवली आणि पाय जोडायला लागलो. बोल्ट काही केल्या बसेना. अमृत म्हणाला, थंडी वाजते का काका?

दहाला दार उघडलं आणि पोरं पिनबॉलवरच तुटून पडली. कॅरमकडे कोणी बघेना. "आजोबा, गोली अडकली!" "आजोबा, आमाला पन खेलू द्या ना!" सगळी मला आजोबा म्हणत होती. त्यांतलं एक माझं असणार. प्रत्येकाचं नाक बघितलं, कान बघितले, हसताना दात बघितले. ओळखता आलं नाही. एकाला मी दोन गोळ्या जास्त दिल्या, तो तर वापीहून पाहुणा आलेला निघाला.

बाराच्या सुमारास म्हातारी रुसली. गोळी लागते पण गुण चढत नाहीत. रांगेत चाळीस पोरं. पाट उचलला तर टेकू घसरतोय — प्रवासात वाकला असणार. एका हाताने पाट पेलत कसंबसं डोकं आत घातलं. आणि पाट हलका झाला. बाहेरून कोणीतरी धरला होता.

मी पहिला स्विच दाबला.

"एकतीस," मयुरा म्हणाली.

मी दुसरा दाबला. "बत्तीस." तिसरा. "तेहतीस." तोच आवाज, थोडा जाड झालेला. मी दाबत गेलो, ती वाचत गेली. मशीनच्या आत वायरींच्या जंजाळात तोंड खुपसून मी रडत होतो, कोणाला दिसत नव्हतं. सदतिसाव्याला काही आलं नाही. मी थांबलो.

"झोपला."

पुढे बाबा नाही. मी वाट बघितली, पण नाही.

त्या स्विचमध्ये कार्डाचा तुकडा घालून दोनदा घासलं की काम झालं असतं. मी घासत बसलो. दहा मिनिटं तरी. बाहेर यायचंच नव्हतं. डोळ्याला डोळा देऊन या जन्मात बोलता येणार नाही, बोलायचं तर इथूनच, असं वाटलं आणि बोललो.

म्हणालो, मयुरा, त्या दिवशी मी नविनला जे बोललो ते माणसाने माणसाला बोलायचं नव्हतं. तो वाकला आणि मी पाय मागे घेतले. अकरा वर्षं मला ते कळत होतं. कळत नव्हतं असं नाही. मला माफ कर, आणि त्याला सांग.

बाहेर पोरांचा गोंगाट. पाट जरासुद्धा हलला नाही.

मग आवाज आला — "मी नविन आहे."

माझे हात जागच्या जागी राहिले.

"मयुराला माईकवर बोलावलं. मघाशीच. पाट मी धरलाय."

वरून पुन्हा तोच आवाज, अगदी शांत. "ऐकलं मी." मग, "पाट धरू ना अजून?"

धर, म्हणालो. बाबा, धर.

मी सदतिसावा दाबला. "सदतीस," नविन म्हणाला. पुढचे सगळे त्यानेच वाचले, एकही न चुकता, अडतीस ते चौसष्ट. त्याला हे कोणी शिकवलं असेल ते मला विचारावं लागलं नाही. बाहेर आलो तेव्हा त्याने रुमाल पुढे केला. माझ्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. मी तो घेतला. अकरा वर्षांपूर्वी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

समारोपाला सगळ्यांना गुलाब. मयुराने माईकवरून वाचलं, "डहाणूहून आलेले श्री. रामनाथ सर." टाळ्या. मी गुलाब घेतला, ती दुसऱ्या नावाकडे वळली.

निघताना ती मैदानाच्या पलीकडे उभी होती. हात वर केला. मी धावत दोन पावलं पुढे गेलो, मी पण हात केला! ती अमृतला टेम्पो मागे घ्यायला सांगत होती.

१९ जानेवारी, सोमवार

अंग ठणकतंय. पुष्पाने विचारलं, कसं झालं? मशीनं चालली, म्हणालो.

२१ जानेवारी, बुधवार

नविनने सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर फोन यायला हवा होता. नसेल सांगितलं तर का? की सांगितलं आणि तिला काहीच वाटलं नाही? तेही बरोबरच. मी अकरा वर्षं गप्प बसलो, तिने तीन दिवसांत बोलावं म्हणतो! जित्याची खोड.

२३ जानेवारी, शुक्रवार

फोन चार्जिंगला लावला तरी तिथेच उभा असतो.

२५ जानेवारी, रविवार

पुष्पाला आज सगळं सांगितलं. मशीनच्या आत काय बोललो, कोणी ऐकलं. ती तांदूळ निवडत होती. "माहीत आहे," म्हणाली. "नविनने घरी जाऊन लगेच सांगितलं तिला. खूप रडली."

तुला कोणी सांगितलं?

"तिनेच. परवा बाजाराला म्हणून गेले होते ना मी, तेव्हा." आणि मग सूप खाली ठेवून, माझ्याकडे नीट बघून — "मी जाते तिच्याकडे. तिच्या बाळंतपणापासून जाते."

ओरडणार होतो. अकरा वर्षं या घरात मुलगी फक्त माझी गेली होती. एवढंच विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं?

पुष्पा म्हणाली, "कोणाचं? मोठ्याचं, की धाकटीचं?"